रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



कर्करोगाच्या एका अशा टप्प्यावर आज बोलायचं आहे, ज्याला नीटसं नावही नाही. रोग सापडला, उपचार झाले, केस परत आले, नातेवाइकांनी अभिनंदन केलं. आणि मग एखाद्या दिवशी डॉक्टर म्हणतात, "एकदा तपासून घेऊ, कुठे पसरलेला तर नाही ना." पसरलाय असं कोणी म्हटलेलं नसतं. नाही असंही म्हटलेलं नसतं. या मधल्या दिवसांत नवरा-बायकोनं कसं राहायचं, एवढाच आमचा विषय.

आम्ही दोघं म्हणून बोलतोय. आमच्यापैकी एकीवर चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आणि दुसऱ्यानं फाइल सांभाळली. आम्ही डॉक्टर नाही. वैद्यकीय गोष्टी जेवढ्या सांगू, त्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून पडताळलेल्या आहेत. तरी प्रत्येकाचा रोग वेगळा असतो, म्हणून निर्णय आपापल्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

आधी 'पसरणं' म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे हा शब्द कानावर पडला की माणूस पुढचं काही ऐकतच नाही. मूळ गाठीतल्या काही पेशी रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून दुसरीकडे जातात आणि तिथे वाढतात. डॉक्टर त्याला मेटास्टॅसिस म्हणतात, बोलण्यात 'सेकंडरी' म्हणतात. स्तनाचा कर्करोग पसरला तर बहुधा हाडं, फुप्फुसं, यकृत किंवा मेंदू इथे जातो. हाडात गेला तरी तो हाडाचा कर्करोग होत नाही, स्तनाचाच राहतो, आणि औषधंही त्याच हिशेबानं ठरतात. हे पक्कं माहीत असलं की "आता हाडाचा कॅन्सरही झाला म्हणे" असं कोणी फोनवर म्हणालं तरी जीव वरखाली होत नाही.

उपचार संपल्यावर घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा : दरवर्षी पूर्ण अंगाचा स्कॅन का नाही करून टाकायचा? खर्च करायची तयारी असते, मग डॉक्टर नको का म्हणतात? इटलीत या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास झाले आणि १९९४ साली ते प्रसिद्ध झाले. काही स्त्रियांची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी होत राहिली. दुसऱ्या गटाचे त्याशिवाय ठरावीक काळानं छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅनही काढले गेले. काही वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. म्हणूनच काही त्रास नसलेल्या स्त्रीला आजही ठरावीक दिवसांनी डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढंच सांगतात. दरवर्षीचा पेट स्कॅन किंवा रक्तातले ट्यूमर मार्कर नियमानं करायला सांगत नाहीत. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला नाही म्हणजे त्यांचं लक्ष नाही, असं समजू नये.

मात्र त्रास असेल तर तो सांगायलाच हवा. एकाच जागी दुखत राहणारं हाड, विशेषतः रात्री झोपू न देणारं, दोन-तीन आठवडे न थांबणारा खोकला, धाप, कारण नसताना घटणारं वजन, नवीन सुरू झालेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी. हे सगळं साध्या कारणांनीही होतं आणि बऱ्याचदा तसंच निघतं, पण पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. एक गोष्ट तर त्याच दिवशी इस्पितळात जाण्याची आहे. पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाऊ लागली, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

आमच्याकडे पाठदुखीच निमित्त झाली. उपचार संपून तीन वर्षं होत आली होती. आधी वाटलं, दिवाळीची साफसफाई केली त्यानं असेल. महिना झाला तरी दुखणं एकाच मणक्यापाशी राहिलं. डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला.

पेट स्कॅन कसा चालतो हे आधी कळलं, याचा आम्हाला पुढे फार आधार झाला. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. ज्या पेशी जास्त साखर खातात, त्या चित्रात चमकतात. कर्करोगाच्या पेशी खादाड असतात, म्हणून चमकतात. पण मेंदूही चमकतो, कारण तोही साखरेवर चालतो, आणि मूत्राशयही चमकतं, कारण ती साखर तिथूनच बाहेर पडते. जिथे जंतुसंसर्ग आहे, सूज आहे, जखम भरते आहे, तिथेही चमक दिसते. आपल्या देशात तर क्षयरोगाच्या नव्या-जुन्या गाठी हुबेहूब तशाच चमकतात. म्हणजे चमकणारा ठिपका ही एक शंका असते. तिचं उत्तर बहुतेक वेळा बायोप्सीतून मिळतं, म्हणजे तिथला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.

आमच्या रिपोर्टमध्ये दोन ठिपके होते. एक छातीच्या मध्यभागी, श्वासनलिकेजवळच्या लसिकाग्रंथीत. दुसरा पाठीच्या एका मणक्यात, अगदी लहान. पुढे इंग्रजीत लिहिलं होतं की मेटास्टॅसिस नाकारता येत नाही. 'नाकारता येत नाही' आणि 'आहे' यांत फार अंतर आहे, पण रात्री नऊ वाजता मोबाइलवर तो रिपोर्ट येतो आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी भेटणार असतात, तेव्हा ते अंतर दिसत नाही. म्हणून आमची पहिली विनंती अशी : रिपोर्ट मोबाइलवर आला तरी तो डॉक्टरांसमोर बसूनच वाचायचा, असं दोघांनी आधी ठरवून ठेवावं. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी निदान दोघांनी एकत्र वाचावा. एकानं आधी वाचून चेहरा सांभाळत बसू नये. इतक्या वर्षांच्या संसारात चेहरा वाचता येतोच.

त्यानंतर छातीतल्या ग्रंथीची बायोप्सी, मणक्याचा एमआरआय आणि डॉक्टरांची बैठक होऊन उत्तर मिळेपर्यंत एकोणीस दिवस गेले. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला रात्र रात्र जागणारं हे आपलं इंदूर, त्यामुळे जागरणाची सवय आपल्याला आहे. पण त्या एकोणीस रात्रींचं जागरण निराळं होतं. त्या दिवसांत आम्हाला कशाचा उपयोग झाला, ते सांगतो.

पहिली गोष्ट, एक साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर 'आज काय माहीत आहे' आणि उजव्या पानावर 'पुढे काय होणार, कोणत्या तारखेला'. डाव्या पानावर शंका लिहायची नाही, इंटरनेटवर वाचलेलं लिहायचं नाही. बरेच दिवस तिथे एकच ओळ असायची : 'दोन ठिपके दिसले आहेत, ते काय आहेत हे अजून कळलेलं नाही.' रात्री दोन वाजता मन पुढच्या वर्षापर्यंत धावत गेलं की दिवा लावून ती ओळ वाचायची. भीती काही जात नव्हती, पण ती त्या ओळीपलीकडे फारशी सरकत नव्हती.

दुसरी गोष्ट फोनची. रिपोर्टची बातमी फुटली की पुण्याची आत्या, नागपूरचे मामा, अमेरिकेतला भाचा सगळे विचारतात. माया असते म्हणूनच विचारतात. पण तीच हकिकत दिवसातून बारा वेळा सांगताना ती सांगणाऱ्याच्या अंगात भिनते. आम्ही धाकट्या दिरांना ते काम दिलं. आठवड्यातून एकदा ते सगळ्यांना कळवत : काय झालं, पुढची तारीख कोणती, आणि कृपया घरी फोन करू नये. कोणी रागावलं नाही. उलट अनेकांनी सांगितलं की काय विचारावं हेच त्यांना कळत नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिच्यासाठीच आम्ही आज इथे उभे आहोत. आपल्या घरांमध्ये जुनी रीत आहे : वाईट शंका आली की ती रुग्णाला सांगायची नाही. "त्यांना कशाला सांगता, खचतील." रिपोर्ट कपाटात जातो, डॉक्टरांना बाहेर गाठून विनंती केली जाते, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट ज्याच्या शरीरात घडते आहे, त्यालाच माहीत नसते. आम्हालाही हा सल्ला मिळाला, आणि प्रेमानंच मिळाला. आम्ही तो घेतला नाही. कारण मायेइतकंच व्यवहाराचंही आहे. बायोप्सी करायची की थांबायचं, मुंबईला जायचं की नाही, लेकीच्या घरच्या मुंजीला आधी जाऊन यायचं का, हे कोण ठरवणार? आणि पाठ कुठे, कशी, किती दुखते, हे नीट सांगायचं तर आपण ते कशासाठी सांगतो आहोत, हेही माणसाला माहीत असावं लागतं.

रुग्णापासून काहीच लपलेलं नसेल तर काय होतं, याचं एक उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. पुण्याच्या डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट, मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पुढे सुनंदाताईंना कर्करोग झाला. पतिपत्नी दोघंही वैद्यकशास्त्र शिकलेले. डॉक्टर असलेल्या बाईपासून रिपोर्ट लपवता येत नाही. आजार काय आहे हे माहीत असूनही त्या मुक्तांगणचं काम करत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. शेवट आपल्याला हवा तसा झाला नाही. पण आजारपणातली वर्षं त्यांनी आपल्या कामाला दिली. त्यांच्या नावानं मुक्तांगण दर वर्षी संघर्ष सन्मान देतं आणि पुढे ती संस्था त्यांच्या कन्येनं सांभाळली. जे सगळ्या घरापासून 'खचतील' म्हणून लपवलं जातं, ते माहीत असलेलं माणूस काय करू शकतं, हे त्यात दिसतं.

दुसरं उदाहरण तर आपल्या माळव्यातलं, इथून तासाभराच्या अंतरावरचं. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते फुप्फुसाचा क्षय घेऊन. गाणं बंद. पुन्हा गाता येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. पत्नी भानुमती यांनी शुश्रूषा केली, शाळेत नोकरी करून घर चालवलं. हे काही महिने चाललं नाही, वर्षानुवर्षं चाललं. स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हाचं नवं औषध मिळालं, आणि कुमारजी पुन्हा गाऊ लागले. त्या पडून राहण्याच्या काळात कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं ते ऐकत राहिले आणि पुढे त्यांच्या गाण्यात ती किती खोल उतरली, हे आपण सगळे जाणतो. रोग वेगळा, काळ वेगळा. पण उत्तर हातात नसताना घर चालू ठेवायचं, आजारी माणसाची शुश्रूषा करायची आणि त्याचं जे काम आहे त्याला घरातून हद्दपार करायचं नाही, हे भानुमतीबाईंनी केलं. आम्हाला त्या दिवसांत त्यांची फार आठवण यायची.

आता थोडं व्यवहाराचं. अशी शंका आली की दुसरं मत घ्यावं का? घ्यावं, आणि पहिल्या डॉक्टरांना सांगून घ्यावं. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. दुसऱ्या मतासाठी नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनची सीडी, मूळ ऑपरेशनच्या वेळच्या काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळा, म्हणजे 'स्लाइड्स आणि ब्लॉक', प्रयोगशाळेकडून मागून घ्यावे लागतात. ते आपल्याला मिळतात. इंदूरची मंडळी बहुधा परळला टाटा मेमोरियलला जातात. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पती सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास केला आणि दुसऱ्याच वर्षी तेही गेले. पुढे टाटांच्या न्यासानं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केलं. ज्या इमारतीच्या दारात आपण फाइल घेऊन रांगेत उभे असतो, तिच्या मुळाशी पत्नीच्या आजाराचं दुःख सोसलेला एक नवरा आहे, हे तिथे उभं असताना कळलं तर थोडं बरं वाटतं.

दर वेळी 'अवंतिका'चं तिकीट काढून मुंबई गाठायलाच हवी असंही नाही. देशातल्या कर्करोग रुग्णालयांचं नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, आणि 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रं पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत घेता येतं. जावंच लागलं तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा इथे रुग्ण आणि नातेवाइकांची अल्प दरात सोय होते. जागा मिळण्याची खात्री नसते, म्हणून आधी चौकशी करून निघावं.

आणि समजा, उत्तर 'हो, पसरलाय' असं आलं तर? हा प्रश्न तोंडावर आणायला आपण घाबरतो. आम्ही तो वहीत लिहिला आणि डॉक्टरांना विचारला. त्यांच्याकडून जे कळलं, ते थोडक्यात असं. पसरलेला स्तनाचा कर्करोग बहुतेक वेळा मुळापासून जात नाही, हे खरं आहे आणि ते गोड शब्दांत गुंडाळू नये. पण पुष्कळ रुग्णांमध्ये तो वर्षानुवर्षं काबूत ठेवता येतो. पहिल्यांदा पसरल्याची शंका आली तर शक्य असेल तिथे पुन्हा बायोप्सी करतात, कारण रोगाचा स्वभाव, म्हणजे हॉर्मोन आणि हर-टू ही लक्षणं, मूळ गाठीपेक्षा बदललेला असू शकतो आणि औषध त्यावरच ठरतं. हॉर्मोनवर चालणाऱ्या प्रकारात गोळ्यांवर बराच काळ काढता येतो. हाडांत असेल तर हाडं बळकट करणारी इंजेक्शनं देतात, आणि दुखऱ्या हाडावर थोडं रेडिएशन दिलं तर वेदना खूप कमी होतात.

घरचे विचारतात, "मग सगळं कापून का टाकत नाहीत?" याच प्रश्नाचा टाटा मेमोरियलमध्येच अभ्यास झाला. निदान झालं तेव्हाच रोग पसरलेला होता, अशा ३५० स्त्रियांवरचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. औषधांना प्रतिसाद मिळाल्यावर मूळ गाठ काढली म्हणून त्या स्त्रिया जास्त जगल्या, असं त्यात दिसलं नाही. मोठं ऑपरेशन टाळणं म्हणजे हात टेकणं नसतं, हे आम्हाला त्यातून कळलं.

'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे वेदनाशामक आणि आधार-उपचार, हे शब्द ऐकले की आपण समजतो सगळं संपलं. २०१० साली अमेरिकेत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही सेवा मिळालेल्यांचं जगणं जास्त सुखाचं होतं, त्यांच्यात उदासी कमी होती आणि ते सरासरी काही महिने जास्तच जगले. म्हणून वेदना असेल तर पहिल्याच भेटीत हा विषय काढावा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल, ही भीतीही मनातून काढावी.

आता आमचं काय झालं ते. छातीतल्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. जुन्या संसर्गाची खूण निघाली. मणक्यातला ठिपका मात्र इतका लहान आणि अशा जागी आहे, की तिथून तुकडा घेण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. तीन महिन्यांनी पाहिलं, तसाच होता. पुन्हा पाहिलं, तसाच होता. पाठदुखी व्यायामानं बरीच कमी झाली. पुढची तारीख नवरात्रानंतरची आहे. तर मित्रहो, आम्ही तुमच्यासमोर 'बरे झालेले' म्हणून उभे नाही आणि 'पसरलेले' म्हणूनही नाही. आमच्या वहीच्या डाव्या पानावर आजही एकच ओळ आहे.

अशा ओळीबरोबर राहायचं तर काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. तपासणीच्या आधीचा आठवडा जड जाणार हे आम्ही धरून चालतो. त्या आठवड्यात पाहुणे बोलावत नाही, मोठे निर्णय घेत नाही, एकमेकांच्या चिडचिडीचा हिशेब ठेवत नाही. बाकीचे अकरा आठवडे आमचे. त्यात सराफ्यात रात्री गराडू खायला जाणं आहे, नातवंडांचा अभ्यास आहे, मंडळाच्या नाटकाची तालीम आहे. भीतीबद्दल बोलायला रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास ठेवला आहे. काही बोलायचं नसेल तर अर्धा तास गप्प बसतो. घराचे कागद, बँकेतली नामांकनं, मोबाइलचे पासवर्ड एकदाच दोघांचेही नीट करून ठेवले. 'दोघांचेही' हा शब्द महत्त्वाचा आहे. आयुष्याची खात्री दुसऱ्यालाही मिळालेली नाही, आणि फक्त एकीचेच कागद काढले असते तर घरात वेगळाच निरोप गेला असता.

आणि जोडीदाराची तब्येत. शुश्रूषा करणाऱ्याची मधुमेहाची गोळी चुकते, त्याची झोप जाते, त्याच्या दाताची अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते. त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर तो "माझं काय, मी ठीक आहे" म्हणतो. जोडीदार पहारेकरी झाला की घराचं इस्पितळ होतं. "औषध घेतलंस का", "जिना चढू नकोस", "काय दुखतंय" एवढंच संभाषण उरतं. आम्ही एक नियम केला : दुखणं विचारायचं दिवसातून एकदा, सकाळच्या चहाला. त्यानंतर नवऱ्यानं नवऱ्यासारखं आणि बायकोनं बायकोसारखं वागायचं, भाजीवरून वाद घालायलाही मोकळीक.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आपली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. लग्नात कोण काय करणार हे आपल्याला न सांगता कळतं. आजारपणात मात्र आपण बिस्किटांचा पुडा घेऊन जातो, समोर बसतो, आणि कोणाच्या तरी मामीला असंच झालं होतं आणि त्या कशा गेल्या, ते सांगतो. त्याऐवजी एक यादी करू या. तपासणीला गाडीनं कोण नेऊ शकेल, अशा आठवड्यात दोन वेळचा डबा कोण देईल, रात्री दोन तास घरी कोण बसेल म्हणजे जोडीदार झोपू शकेल, मुंबईला ओळख कोणाची आहे. पहिली दोन नावं आमची लिहा, पत्त्यासकट. आणि भेटायला आलात तर फक्त एवढं विचारा : "आज त्याबद्दल बोलायचंय की दुसरं काही बोलू या?" उत्तर त्यांना देऊ द्या.

बाप्पाला विघ्नहर्ता म्हणतो. विघ्न येणारच नाही, असं त्यानं कधी कबूल केलेलं नाही. ते आलं तर आपल्यातल्या कोणाला रिपोर्टची वाट एकट्यानं पाहावी लागू नये, एवढं आपण एकमेकांसाठी करू शकतो. यादीसाठी कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे.

गणपती बाप्पा मोरया.